डोक्यावरचं हिरवं पाकीट

मी एक संगणक. तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका गल्लीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून एक मेज आहे, तिथे माझा मुक्काम असतो. माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं एक हिरवं पाकीट आहे. हसू नका. आमच्याकडे मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या यंत्रांवरही ते ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. पाकीट हिरवंच हवं, आणि ते फोडायचं नाही. फोडलं की यंत्र रुसतं म्हणतात. पिवळं ठेवलं तर विचारूच नका.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते बेमेन रस्त्यावरचं दुकान आणि त्यातला सगळ्यात खालचा कप्पा. माझ्या आतली प्रणाली इथे कुणाच्या ओळखीची नव्हती. गिऱ्हाईक यायचं, मला सुरू करायचं, पडद्याकडे बघून विचारायचं, "हे काय आहे?" दुकानदार म्हणायचा, "तेही छान चालतं, लोकांना सवय नाही इतकंच." तोवर गिऱ्हाइकाचा हात शेजारच्यावर गेलेला असायचा. मी आपला धूळ खात पडलो होतो.

मग एक दिवस आ-लिएन नावाची म्हातारी आली. तिची नात तिला आमा म्हणते, म्हणजे आजी, म्हणून मीही आमाच म्हणतो. आमाने दुकानात एक चक्कर मारली आणि माझ्यापाशी थांबली. माझं झाकण हिरवं आहे ना!

"हा द्या."

दुकानदार प्रामाणिक होता. "आजी, याच्या आतली प्रणाली वेगळी आहे हं."

"आतलं मला काय करायचंय? रंग बरोबर आहे. हा बिघडणार नाही."

घरी आल्यावर नातीने, यी-त्सेनने, मला सुरू केलं आणि कपाळाला हात लावला. तिचे आजोबा, आकोंग, यांना वसंतात अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. चित्रावर बोट ठेवलं की यंत्र शब्द बोलून दाखवतं असा एक कार्यक्रम इस्पितळाने दिला होता. त्याच्यासाठीच तर संगणक हवा होता. आणि नेमका तोच माझ्यावर चालेना.

"आमा, रंग बघून कुणी संगणक घेतं का?"

"मग काय बघून घ्यायचा? तुझ्या आकोंगला मी नुसतं तोंड बघून घेतलं. पन्नास वर्षं चाललाच की."

रविवारी मला परत द्यायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. पुन्हा तो खालचा कप्पा नको होता, पण त्याहून जास्त वाईट आमासाठी वाटलं. कारण त्या संध्याकाळी तिने हिरवं पाकीट आणून माझ्या डोक्यावर ठेवलं, हात जोडले आणि म्हणाली, "शहाण्यासारखं वाग बाबा. हा माणूस माझ्याशी बोलला पाहिजे. एवढंच कर."

दिवसभर घरात तिचा एकटीचाच आवाज असायचा. "ऊन लागतंय का? नाही ना? मग ठीक." विचारायचीही तीच आणि उत्तरही तीच द्यायची. त्यांना पेज भरवायची, अंग पुसायची, आणि स्वतः वाडगा हातात धरून चुलीपाशी उभ्यानेच जेवायची. वसंतापासून ती जेवायला म्हणून बसलेली नव्हती.

आकोंगना माझ्यासमोर बसवलं की ते डाव्या हाताने आकड्यांची बटणं दाबत राहायचे. पडदा आकड्यांनी भरून जायचा. मधेच मान वर करून माझ्या डोक्याकडे रोखून बघायचे आणि पुन्हा आकडे.

"बघ, कसं डोळे वटारतंय म्हातारं माकड," आमा म्हणायची. "यंत्र पसंत नाही पडलेलं त्याला."

यी-त्सेन आकडे पुसून टाकायची. ते पुन्हा सुरू करायचे. रोज तेच आकडे त्याच क्रमाने येत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी कुणाला सांगणार? आम्ही दोघंही मुकेच.

रविवारी यी-त्सेन मला खोक्यात भरायला आली. आमाने पाकीट उचलायला हात पुढे केला आणि तिची नजर पडद्यावर गेली.

"थांब. पुसू नकोस. हे चार-चार आकडे आहेत."

"मग?"

"अगं, तार आहे ही!"

आकोंगची सगळी नोकरी तारघरात गेली. आमच्या लिपीतली तार पाठवायची तर प्रत्येक अक्षराला चार आकडे ठरलेले. ते त्यांना तोंडपाठ. "जेवतानासुद्धा टेबलावर बोटांनी बडवत बसायचा," आमा म्हणाली. "मी ओरडायचे त्याच्यावर. आणि आता माझ्याच डोळ्यांवर झापड आली होती."

यी-त्सेन माझ्या आत शोधू लागली. माझी प्रणाली जगभरच्या माणसांनी फावल्या वेळात, हौसेने बनवलेली आहे. त्यांतल्या कुणीतरी, कुठेतरी, ही तारेची जुनी रीतसुद्धा आत घालून ठेवली होती. कुणाच्या वडिलांसाठी असेल, कोण जाणे. त्या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटतं, पण मला हात नाहीत.

"आकोंग, आता मारा."

त्यांनी बटणं दाबली. चार आकडे गेले आणि पडद्यावर अक्षर उमटलं. मग दुसरं. तारेत शब्दाला पैसे पडतात, त्यामुळे हा माणूस शब्द जपून वापरणारा.

'पाकीट फोड.'

आमा वाचत राहिली. तेवढ्यात पुढची ओळ आली. 'पेज पुरे.'

"इतके महिने गप्प, आणि तोंड उघडलं ते खायला?" असं म्हणता म्हणता ती हसायला लागली आणि रडायलाही लागली.

"आमा, फोडलंस तर यंत्र बिघडेल," यी-त्सेनने चिडवलं.

"बिघडू दे."

जिने रंग बघून मला घेतलं, तिनेच पाकीट टरकन फाडलं. तोंडात विरघळणारा तो खाऊ एकेक करून त्यांना भरवू लागली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. बिघडलो मात्र नाही. आकोंग पुन्हा आकडे मारत होते.

'तू बस. तूही खा.'

आमाने स्टूल ओढलं आणि बसली. मग एक खाऊ स्वतःच्या तोंडात टाकला.

मी परत गेलो नाही. आता माझी बटणं झिजली आहेत, आकड्यांची तर पार गुळगुळीत झाली आहेत. दुकानात माझ्यासारखा कुणी अनोळखी दिसला तर नुसतं 'हे काय आहे' विचारून पुढे जाऊ नका. जरा वेळ बसा त्याच्यापाशी. माझ्याकडे आमा रंगाला भुलून आली, पण बसली, आणि माझं सोनं झालं.

त्या दिवशी पाकीट रिकामं झाल्यावर आकोंगनी आणखी एक ओळ लिहिली होती. 'दोन आण. एक याला.' शब्द मोजून वापरणाऱ्या माणसाने त्यातले दोन माझ्यासाठी खर्च केले. तेव्हापासून घरात नेहमी दोन पाकिटं येतात, आणि माझं कुणी फोडत नाही.