गुलाबी उजेडातली वर्दी

"हरिबाआजा, मी एवढी काळी हाय का, की माझ्यासाठी तुमाला दिव्याला कागद बांधावा लागतोय?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि सृष्टीनं ती घेतलीही! विट्यातल्या त्या जुन्या फोटो स्टुडिओच्या दारात अंकिता आणि राजेश्वरी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. म्हातारे हरिबाआजा मात्र हसले नाहीत.

"तसं न्हवं, पोरी. तुझ्या पयल्या फोटोला तुझी आत्या म्हणली, पोरगी आईगत गोरी दिसू दे. तवापास्नं बांधतोय."

सृष्टीचे पप्पा फौजेत. दर सुट्टीला त्यांनी वर्दी घालायची, सगळ्यांनी इथं फोटोला बसायचं आणि जाताना तो फोटो त्यांच्या ट्रंकेत जायचा, हा घरचा रिवाज. लहानपणी तिला तो गुलाबी जिलेटिनचा कागद म्हणजे जत्राच वाटायची. दिवा लागला की ती पप्पांच्या मांडीवर बसून हात उलटेसुलटे करून बघायची. सावळे हात पार बाहुलीचे होऊन जायचे! पप्पाही तिच्या नाकाला बोट लावून म्हणायचे, "कुणाची गं ही बाहुली?"

हरिबाआजांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या त्या फोटोंच्या जुन्या प्रती काढल्या. सगळ्यांत ती गुलाबी. पण आज तिची नजर पप्पांवर अडकली.

"आजा, पप्पांची वर्दी मातकट का दिसती? ती तर हिरवी हाय!"

"गुलाबी उजेडात हिरवा रंग मरतो, बाळा. तुझा चेहरा खुलवायचा तर त्यांची वर्दी जाती."

"आन् पप्पा कधी काय बोललं न्हाईत?"

"बोलले की. म्हणले, वर्दी जाऊ दे, पोरगी हात बघून किती हसती बघा."

दारातलं हसणं थांबलं. पप्पा आता पेन्शनवर येणार होते. उद्याचा फोटो वर्दीतला शेवटचा.

सृष्टी पळतच घरी आली. आई भाकरी थापत होती, पप्पा वर्दीला इस्त्री करत होते.

"आई, पप्पा, ऐका. उद्या दिव्याला कागद लावायचा न्हाई."

"आगं, आत्या काय म्हणंल?" आई म्हणाली.

"आत्याला मी सांगते."

पप्पांनी इस्त्री उभी केली. "पर तुला तर लय आवडायचा की तो उजेड."

"आजून आवडतोय," सृष्टी म्हणाली. तिची मान ताठ होती. "तरीबी उद्या मी माझ्या रंगात बसणार, आन् तुमी तुमच्या. ठरलंय माझं."