शिवेपल्याड सोडलेलं कुत्रं

आमच्या करंबेवाडीत एकही मोकाट कुत्रं नाही, असं आमचे सरपंच अमरसिंह चारचौघांत छाती काढून सांगायचे. गडहिंग्लजहून कुणी साहेब आला की त्याला मुद्दाम गल्लीबोळांतून फिरवायचे. साहेब तोंडभर कौतुक करायचा आणि मी, ग्रामपंचायतीचा शिपाई आकाराम, चहाचा ट्रे धरून मागं उभा असायचो. खरं तर ते कौतुक माझं होतं. आठवड्यातून एकदा पहाटे, दूधगाडी यायच्या आत, घंटागाडीत कुत्री भरून मी ती ओढ्यापलीकडं चिंचणूरच्या हद्दीत सोडून यायचो. "गावात कुत्रं दिसता कामा न्हाय, कसं ते तुमचं तुमी बघा," एवढंच सरपंच म्हणाले होते. मी बघितलं.

चिंचणूर मला परकं नव्हतं. माझी एकुलती एक लेक सुष्मिता त्याच गावात दिलेली. पण मी कुत्री सोडायचो ती वीटभट्टीच्या अंगाला आणि तिचं घर पार दुसऱ्या टोकाला. कुत्री भट्टीपाशीच थांबतील असं मी धरून चाललो होतो. माझी अक्कल एवढीच.

गेल्या डिसेंबरात माझ्या नातीला, मोनाला, कुत्रं चावलं. पोर दुसरीत. हातात बिस्किटाचा पुडा घेऊन दुकानातून येत होती. कुत्र्यानं पुड्यावर झेप घेतली, ती पळाली आणि त्यानं पोटरी धरली. निरोप आला तसा मी मोटारसायकल काढून गेलो. ते कुत्रं अजून तिथंच, बोळाच्या तोंडाशी पडलं होतं. बरगड्या निघालेल्या. पाठीवर तळहाताएवढा बिनकेसांचा डाग.

तो डाग मी लाखात ओळखला असता. गुऱ्हाळावर उकळती काकवी अंगावर सांडून भाजला होता तो. हे कुत्रं आमच्याच दारातलं. हौदाच्या कडेला पडून असायचं, शेजारपाजारची शिळी भाकरी खायचं. कधी कुणावर गुरगुरलं नाही. सुरुवात आपल्या घरापासून करावी म्हणून सगळ्यात आधी मी त्यालाच उचललं होतं. तीनदा ते परत आलं आणि तीनदा मी त्याला पुन्हा नेऊन टाकलं.

मोनाला पाच इंजेक्शनं घ्यावी लागली. पहिल्या दिवशी तर जखमेतसुद्धा सुया टोचल्या. पाचही वेळा गडहिंग्लजच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. पोरगी माझा अंगठा मुठीत धरून बसायची. एकदा तिनं विचारलं, "आज्जा, ते कुत्रं कुठनं आलं?"

"आलं आसंल कुठनं तरी," मी म्हणालो.

कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, एवढं नशीब. पण मोनानं उंबरा ओलांडायचं सोडलं. शाळा बंद. लांबून भुंकणं ऐकलं तरी आईच्या पदरात शिरायची. आणि सुष्मिता मला म्हणायची, "आबा, तुमी हायसा म्हणून निभावलं." तिचं हे वाक्य ऐकलं की मी ताटावरून उठायचो. तिला सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागून परत आलो. लेक माझ्याकडं ज्या नजरेनं बघते ती नजर गेली तर मागं काय उरतं, ह्याच भीतीनं गप्प बसलो.

चिंचणूरच्या सरपंच चन्नम्माक्का. बाई चिवट. मोनाला चावल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या एका संस्थेला गाठलं. संस्थेचे डॉक्टर कुत्र्यांची नसबंदी करणार, लस टोचणार, कानाला खूण करणार. पण एका गावापुरतं येणं त्यांना परवडत नव्हतं आणि एका गावाला तो खर्चही झेपत नव्हता. दोन्ही पंचायतींनी निम्मा-निम्मा उचलला तरच काम होणार होतं. मी अमरसिंहांना दोनदा एकट्यात गाठून विनवलं. ते म्हणाले, "आकारामतात्या, आपल्याकडं कुत्रीच न्हाईत तर कशाला पैसं घालायचं?" आणि माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्याची मला चीड आली. त्याच दिवशी मी ठरवलं, बोलायचं. नोकरी जाऊ दे, आणखी काय जायचं ते जाऊ दे.

दोन्ही गावांचं हायस्कूल एकच आहे, शिवेवर. रविवारी अकरा वाजता तिथल्या पटांगणात एकत्र सभा भरली. बायकांच्या रांगेत सुष्मिता मोनाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून तिनं पोरीचा हात धरून हलवला. मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं. कुत्रं जिथनं धरलं तिथंच परत सोडायचं, हा नियम आहे. आपल्या गल्लीत त्याला माणसं ओळखीची असतात, भाकरी मिळते. परक्या गल्लीत टाकलं तर ते उपाशी राहतं, बावचळतं आणि चावतं. डॉक्टर दोन्ही गावांसाठी बोलत होते, पण मला वाटत होतं की ते माझ्याकडं बोट दाखवून बोलतायत.

मग हिशेब निघाला. चिंचणूरची कुत्री भरली एकशेचाळीस, करंबेवाडीची अकरा. अमरसिंह उठले. "अकरा कुत्र्यांसाटी आमी निम्मं द्यायचं? आमच्या गावानं शिस्त लावली, तुमच्या गावानं न्हाय लावली. ज्याची कुत्री त्येनं निस्तरावी."

आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. चन्नम्माक्का शांतपणे म्हणाल्या, "कुत्र्यास्नी शीव कळत न्हाय, सरपंच."

"माणसास्नी कळती की," अमरसिंह म्हणाले.

मी उभा राहिलो. "अक्का, तुमची एकशेचाळीस न्हाईत. त्यातली साठ-सत्तर आमची हाईत. दोन वर्सं मी ती घंटागाडीतनं आणून तुमच्या वीटभट्टीपाशी सोडतोय."

"तात्या, खाली बसा," अमरसिंह दात आवळून म्हणाले. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा उठता आलं नसतं.

"आन् माझ्या नातीला चावलं ते कुत्रं माझ्या दारातलं हाय," मी म्हणालो. "मीच सोडल्यालं. मोना, तू इचारलं हुतंस न्हवं, कुठनं आलं? माझ्याकडनं आलं, बाळा."

हे बोलताना मी सुष्मिताकडं बघितलं. तिचा हात पोरीच्या पोटरीवर होता, त्या व्रणावर. तो तसाच राहिला. ती माझ्याकडं बघत होती, पण तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

मग एकच गलका झाला. चिंचणूरची माणसं उठून आमच्या अंगावर आली. सगळा खर्च करंबेवाडीकडनं वसूल करा म्हणू लागली. चन्नम्माक्कांनी हात वर केला आणि आपल्या पंचायतीच्या शिपायाकडं, भीमाप्पाकडं वळून बघितलं. भीमाप्पा खांबाला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"आमी बी सोडलीत की," तो म्हणाला. "बाजार उठल्यावर टेम्पोतनं. ते डागाचं कुत्रं तर मी तीनदा करंबेवाडीत टाकून आलो. मला वाटायचं, आपल्या पायानं परत येतंय."

मलाही तेच वाटायचं. दोन गावचे दोन शिपाई दोन वर्षं एकच कुत्रं ओढ्याच्या ह्या काठावरून त्या काठावर वाहत होते, आणि डिझेल दोन्ही पंचायतींचं जळत होतं. कुणीतरी मागं हसलं. मला हसू आलं नाही.

चन्नम्माक्कांनी तेवढ्यात ठराव मांडला. खर्च निम्मा-निम्मा. कुत्री ठेवायला करंबेवाडीचा बंद पडलेला कोंडवाडा, ने-आण करायला चिंचणूरचा टेम्पो. आता कुणाची किती हे सांगायची सोयच उरली नव्हती. अमरसिंहांनी मान फिरवून हात वर केला. मला कामावरून काढायचं त्यांच्या मनात होतं, पण अक्का म्हणाल्या, "कुत्री धराय ह्या दोघांएवढा सराव कुणाला हाय?" म्हणून मी आणि भीमाप्पा दोघंही ह्या कामावर लागलो.

सुष्मिता मोनाला घेऊन सभेतून निघून गेली. त्यानंतर दोन महिने तिनं माझा फोन उचलला नाही. मी रोज संध्याकाळी एकदा लावायचो आणि सकाळी कामावर जायचो. एकशे एकावन्न कुत्र्यांतलं एकही धरायचं राहू द्यायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं होतं.

डागाचं कुत्रं एकशेबाराव्या नंबरला सापडलं. चार दिवसांनी डॉक्टरांनी कानाची खूण करून ते माझ्या हवाली केलं. वहीत लिहिलं होतं: चिंचणूर, सुष्मिताच्या घरासमोरचा बोळ. नियमानं तिथंच सोडायचं. मी त्याला दोरीनं धरून तिच्या दारात गेलो.

ती बाहेर आली. मागं मोना, आईचा पदर घट्ट धरून. मोना कुत्र्याकडं बघत होती. पण पळाली नाही.

"जिथनं धरलं तिथंच सोडायचा नियम हाय," मी म्हणालो. दोन महिन्यांनी लेकीशी बोललो ते हे.

"मग तुमच्या दारात सोडा, आबा," सुष्मिता म्हणाली. "पयल्यांदा धरलं ते तिथनंच की."

तिनं मला आबा म्हटलं, एवढंच मी आधी ऐकलं. बाकीचं जरा उशिरा समजलं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "दोन्ही गावं एकाच कामात आहेत. मूळ जागा तीच असेल तर न्या." मी निघालो तशी मोना पदराआडून म्हणाली, "आज्जा, त्येला रोज भाकरी घाला. मग ते कुणाला चावायचं न्हाय. मग मी येतो."

मी सुष्मिताकडं बघितलं. "आधी आज्जास्नी भाकरी घालू देत," ती पोरीला म्हणाली. "मग बघू."

करंबेवाडीत आलो. दारात टेम्पो थांबवला, फळका पाडला, दोरी सोडली. कुत्रं खाली उतरलं, इकडंतिकडं हुंगलं आणि सरळ हौदाच्या कडेला जाऊन बसलं. मी आत जाऊन भाकरी घेऊन आलो.