यंदा कात्री नाही

उस्तादांच्या घरात

कुणाचाही स्वतःच्या डोक्यावर हक्क नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी अंगणात लाकडी खुर्ची यायची आणि एकेकाने तिच्यावर जाऊन बसायचं. आधी सासूबाई, मग मुलगा, मग सून. कसे कापू, हे विचारायची पद्धत नव्हती. उस्तादांनी सलून बंद केलं होतं, पण सलूनने उस्तादांना सोडलं नव्हतं. बोटं शिवशिवायची. माणसं संपली की ते झुडपांकडे वळायचे, आणि थंडीत भिंतीजवळच्या गुलाबाकडे.

मुलाने तेवढी दाढी राखली होती. “दिव्याखाली अंधार,” उस्ताद म्हणायचे. पण मुलाचं बंड त्या दाढीतच सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. तो बस चालवायचा. समोरून काही आलं की ब्रेक मारायचा, रस्त्यावरही आणि घरातही.

गुलाब मात्र

सुनेचा. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. लोक जाडे व्हायचे आणि ती त्यांच्या शिवणी उसवून, आत दुमडलेली कापडाची माया बाहेर काढून, त्यांना पुन्हा त्याच कपड्यात बसवायची. या घरात आल्यावर पहिलं रोप तिने आणलं ते हे. “वेली गुलाब. लाल. भिंत झाकतो,” एवढंच सांगून रोपवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

भिंत झाकण्याचा प्रश्नच आला नाही. दर थंडीत उस्ताद त्याला गुडघ्याएवढा कापायचे, सगळीकडून सारखा, डोक्यावर वाटी ठेवून केस कापावेत तसा. वसंतात तो बिचारा उठायचा, तरातरा वर चढायचा, पानंच पानं, काटेच काटे. फूल एक नाही. पुन्हा थंडी, पुन्हा कात्री. सुनेलाही वाटायचं, बाबांचा हात आहे, बाबांना कळत असेल.

जेवताना एकदा

“भाकड आहे ते,” उस्ताद म्हणाले.

“झाड आहे, म्हैस नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“यंदा शेवटचं कापतो. येत्या वसंतात फूल दिसलं नाही तर मुळासकट उपटायचं. तिथे पत्रा टाकू, स्कूटर उभी राहील.”

“बाबा, स्कूटर कुठे आहे आपल्याकडे?” सून म्हणाली.

“जागा झाली की येईल!”

नवऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मग वसंतात, चादरी वाळत घालताना

सून वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून वाकली आणि तशीच राहिली. छपरावरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपामागे, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, लाल फुलांचा घोस होता. लाल म्हणजे कसा? दुकानात लाल कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे तिच्या हाताखालून गेले होते. असा एकही नव्हता.

चादर खाली पडली. ती धावत अंगणात आली आणि त्या फुलांची फांदी शोधू लागली. बोट फांदीवर ठेवून ती वरून खाली, मुळापर्यंत आली. फांदी पाइपामागून गेलेली, जाड, तपकिरी, जुनी. तिच्यावर कापल्याची एकही खूण नाही. बाकीच्या सगळ्या फांद्या हिरव्या, कोवळ्या, यंदाच्या, आणि सगळ्यांच्या बुडाशी कात्रीचा स्वच्छ तिरपा घाव.

तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग पायरीवर बसली.

हा गुलाब गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलत होता. आणि गेल्या वर्षीचं लाकूड या घरात दर थंडीत झाडून बाहेर टाकलं जात होतं. भाकड वगैरे काही नव्हतं. कळ्या येण्याआधीच त्यांची फांदी जात होती, इतकंच.

उस्तादांना सांगितलं तेव्हा

ते वर गेले, चष्मा लावून त्या घोसाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “एखाद्या टकल्याच्या कानावर नाही का केस येत? तसं आहे ते. त्याने डोकं भरत नाही.”

“पण बाबा, तीच एक फांदी कापायची राहिली होती.”

“म्हणजे मी चुकत होतो?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“हो,” सून म्हणाली.

उस्ताद खाली उतरले. नवरा हळूच म्हणाला, “अगं, ‘कदाचित’ तरी म्हणायचंस.”

“कदाचित तुला दाढी आहे,” ती म्हणाली आणि चादर पुन्हा धुवायला घेतली.

थंडीतला पहिला रविवार

उजाडला. खुर्ची आली. सासूबाईंचे केस झाले, नवऱ्याचे झाले. सुनेची पाळी आली तेव्हा ती खुर्चीवर नव्हती. भिंतीला पाठ लावून गुलाबापुढे उभी होती.

“सूनबाई, सरक.”

“यंदा कात्री नाही, बाबा.”

“माझ्या अंगणात?”

“अंगण तुमचं. गुलाब मी लावलाय.”

उस्ताद हसले, गिऱ्हाइकाचं पोर खुर्चीत वळवळलं की हसायचे तसे. “बरं, चल, तुझंच होऊ दे. एक वर्ष देतो. फुलं आली तर राहील, नाही आली तर जाईल. झालं?”

सौदा चांगला होता. नवऱ्याने मागून मान हलवली, घे म्हणून. फुलं येणार हे तिला ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण तिच्या मनात आलं, म्हणजे दर वर्षी हे झाड परीक्षेला बसणार, आणि पेपर तपासणार हेच.

“नाही,” ती म्हणाली. “फुलं आली तरी राहील, नाही आली तरी राहील. नुसते काटे आले तरी राहील.”

“लाडावून ठेवलंय तुला या घराने!” उस्ताद पुढे आले. त्यांनी कात्री एका फांदीला लावली. सुनेने पात्यांच्या मध्येच फांदी मुठीत धरली. ते दुसऱ्या फांदीकडे गेले, तिची मूठ तिथे. तिसऱ्या फांदीलाही तेच. कात्री जाईल तिथे बोटं. उस्तादांच्या हातून आयुष्यात कुणाला ओरखडाही उठला नव्हता. वस्तरा, कात्री, उसळी मारणारी पोरं, ठसका लागलेले म्हातारे, कुणालाच नाही. सलूनमध्ये ते हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, आणि ते खरं होतं.

तिच्या मुठीतून लाल रेघ मनगटावर उतरली.

“रक्त!” उस्ताद ओरडले. “लागलं! अगं, लागलं तुला!”

“काटे आहेत, बाबा. तुमची कात्री नाही लागली,” ती म्हणाली. “अजून नाही.”

मूठ तिने सोडली नाही. त्यांनी कात्री मिटली, खुर्ची उचलली आणि दारातून म्हणाले, “आता तुमची डोकी तुम्हीच बघा!”

आणि मग

त्या थंडीत कुणाचे केस कापले गेले नाहीत, सासूबाई डोळ्यांवरची बट फुंकून फुंकून पोळ्या लाटायच्या, नवऱ्याची दाढी आणि केस एकमेकांना भेटले आणि बसचे प्रवासी त्याला पाहून मागच्या दाराने चढू लागले, समोर राहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, “अहो, अस्वलं पाळलीत का?”, उस्ताद सुनेशी फक्त सासूबाईंमार्फत बोलायचे, “तिला सांग, मीठ जास्त झालंय,” आणि समोर बसलेली सून म्हणायची, “त्यांना सांगा, मी कमीच घातलंय,” आणि रोज दुकानातून येताना ती पिशवीतून कातरण आणायची.

त्या चिंध्यांनी ती फांद्या बांधायची. पाइपामागची फांदी पुढे जिथे आडवी वळली होती, तिथेच फुलांचे देठ दाटीने आले होते, हे तिने पाहून ठेवलं होतं. म्हणून तिने प्रत्येक लांब फांदी हळूहळू वाकवून भिंतीवर आडवी पसरली आणि सैल गाठ मारली, आत बोट जाईल इतकी. भिंतभर जांभळ्या, पिवळ्या, चट्ट्यापट्ट्याच्या गाठी. नीटनेटकं काही नव्हतं. उस्ताद दारातून तिरप्या नजरेने बघायचे आणि त्यांचा उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर आपटायचा.

वसंतात गुलाबाने

भिंत खाऊन टाकली. आडव्या फांद्यांवर उभे देठ, देठादेठावर घोस, विटेचा रंग कुठे दिसेना. येणारेजाणारे थांबायचे. शिक्षिकाबाई तर रस्ता ओलांडून आल्या.

“उस्ताद! शेवटी तुमचा हात तो तुमचा हात!”

उस्ताद पायरीवर होते. त्यांनी वाढलेली मिशी कुरवाळली. “अहो, त्याचं असं आहे, कापण्याचं एक तंत्र असतं...”

“नाही!”

वरच्या खिडकीतून सून अर्धी बाहेर आली होती. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. “यंदा कापला नाही, म्हणून फुललाय! दर वर्षी कापत होतो, म्हणून फुलत नव्हता!”

आतून सासूबाईंचं हसू आलं, त्यांनी ते दाबलं आणि ते पुन्हा आलं. नवरा अंगणात बूट पुसत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, “खरं आहे ते.” स्वतःच्याच आवाजाला तो जरा दचकला.

उस्ताद तांबडे झाले. काहीतरी जोरात बोलणार होते, पण शिक्षिकाबाई फुलांकडे बघत होत्या. मग तेही बघू लागले. “तसंच आहे,” ते पुटपुटले आणि आत गेले.

घोस वाळायला लागले तेव्हा

एका सकाळी उस्ताद कात्री घेऊन अंगणात आले. गुलाबापाशी गेले नाहीत. हातभर अंतरावर थांबले. सून दुकानात निघाली होती.

“सूनबाई.” थंडीपासून पहिल्यांदा मधल्या माणसाशिवाय. “ही वाळलेली तेवढी काढू का?”

सुनेने पिशवी खांद्यावरून उतरवली. एकेक देठ पाहिला.

“हा काढा. हा पण. खालच्या फांदीला हात लावायचा नाही.”

“आणि तो तिकडचा?”

“तो नाही.”

“अगं, पार सुकलाय.”

“बाबा, तो नाही.”

उस्तादांनी मान डोलावली. पहिला घोस कटकन खाली पडला. सुनेला उशीर होत होता. तरी तिने घरातून ती लाकडी खुर्ची आणली, झाडासमोर ठेवली आणि त्यांचा हात कुठे जातो ते बघत बसली.