चौथं घर

आमच्या गावाचा इतिहास मला विचारा, मी पाइपांवरून सांगतो. ओहायोतल्या या पोलादाच्या शहरात मी अठरा वर्षं पाणीखात्यात इंजिनियर आहे. १९११चे पाइप पहिल्या भट्टीच्या वेळचे. १९५६चे मिजाशीत टाकलेले, कारण गाव दुप्पट होणार होतं. १९७७ साली कारखाना बंद पडला. तेव्हापासून आम्ही फक्त व्हॉल्व्ह बंद करतोय.

रिकाम्या घरांत थंडीत पाइप फुटतात. म्हणून नियम मीच लिहिला: गल्लीत चारपेक्षा कमी मीटर फिरत असतील, तर पाणी बंद. एकोणीस गल्ल्या माझ्या सहीने कोरड्या झाल्या. लोक रडले, मी नियमावर बोट ठेवलं.

१९८५च्या ऑक्टोबरात समोरच्या घरातला दिगंबर नोकरीसाठी टेक्ससमधल्या शुगर लँडला निघाला. घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, "गुरुदत्त, तूही मूव्ह हो यार. इथे काय उरलंय?"

आमच्या गल्लीत उरली तीन घरं.

माझी बायको पद्मजा म्हणाली, "लोकांच्या गल्ल्या बंद केल्यात, मी बोलले नाही. आता बोलते. हे घर कोणी विकत घेणार नाही. आपण जायचं कुठे?"

मग मी लबाडी केली. दिगंबरच्या तळघरातला नळ बारीक सोडून ठेवला. मीटर फिरू लागला, कागदावर चार घरं झाली. मला त्याची लाज वाटली नाही, हे कबूल करतो.

जानेवारीच्या थंडीत त्या बिनहीटरच्या घराचा पाइप फुटला. मी फ्लूने आडवा होतो. पाणी चार दिवस रस्त्याखाली मुरत राहिलं, गोठलं आणि १९११ची मुख्य लाइनच तडकली.

साहेबांनी फोनवर विचारलं, "रिपेअर किती घरांसाठी करायचं?"

पद्मजा शेजारी उभी होती. मी म्हणालो, "तीन."

आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह मीच जाऊन बंद केला. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मिसेस नोवाक बर्फातून कॉफी घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी या लाइनचा चर खणला होता, हे त्या दर हिवाळ्यात सांगायच्या. "तू आहेस म्हणून काळजी नाही," त्या म्हणाल्या.

मी कॉफी संपवली आणि कप परत दिला. तो धुवायला आता त्यांच्या घरी पाणी नव्हतं.