ओली फिल्म

नीरजाची पुरती कोंडी झाली होती, आणि गंमत म्हणजे सगळे तिचं अभिनंदन करत होते. ती राहायची त्या गोत्री भागातल्या गुजराती शेजारीणबाई तर आत्तापासूनच "डॉक्टरबेन, केम छो?" म्हणून हाक मारायच्या. पीएचडीची तोंडी परीक्षा सोमवारी. बॅटरीत गळणारं, पेट घेणारं द्रव असतं ना, त्याऐवजी तिनं पॉलिमरची पातळ फिल्म बनवली होती. तिच्यातून लिथियमचे आयन असे झपाट्यानं पळायचे की तिचे गाइड लक्ष्मीकांत सर त्या वेगाचा आकडा गावोगावच्या परिषदांत मिरवत होते.

पळणार नाहीत तर काय! अशी फिल्म कोरड्या वायूच्या बंद पेटीत कापायची असते. नीरजानं भर पावसाळ्यात, घाईघाईत, बाहेर टेबलावर कापली. मेली हवेतलं पाणी पिऊन बसली, आणि आयन पळवत होतं ते पाणी. बॅटरीत लिथियमला पाणी लागलं की सत्यानाशच. हे नीरजाला कळलं महिन्यापूर्वी, पेटीत कापून पुन्हा मोजलं तेव्हा. आकडा पार कोसळला.

ती सरांकडे धावली. सर शांतपणे म्हणाले, "आधी परीक्षा होऊ दे. मग बघू." मग म्हणजे कधी, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

आणि इकडे प्राची. नाशिकहून आलेली, फतेगंजला खोली घेऊन राहणारी, नीरजाचंच काम पुढे न्यायला संस्थेत घेतलेली. ही पोरगी सगळं नियमानं पेटीतच करायची, त्यामुळे तिचा आकडा काही केल्या वर येईना. "ताई, माझ्या हातालाच यश नाही," म्हणत रोज डोळे पुसायची. नीरजा तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि स्वतःचाच राग गिळायची. बोलावं तर पाच वर्षं मातीत, गप्प बसावं तर ही पोर रोज डोळ्यांसमोर.

शुक्रवारी प्राचीनं ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला.

"सोडतेय ताई. सरांना सांगून आले. म्हणाले, सगळ्यांनाच जमतं असं नाही."

नीरजाच्या अंगाची लाही लाही झाली.

"तुझी फिल्म बरोबर आहे," ती म्हणाली. "माझी ओली होती. सरांना माहीत आहे. सोमवारी मी परीक्षकांना सांगणार."

बोलून टाकलं एकदाचं. आता प्राची गळ्यात पडेल, असंच तिला वाटलं.

प्राची जागची हलली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"महिना झाला."

"म्हणजे मी रोज तुमच्यासमोर रडायचे, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"