घरगाडीचा गृहप्रवेश

माझा भाऊ परेश इंग्लंडहून कायमचा परत आला तेव्हा सोबत काय आणलं असेल? घरगाडी. मोटरहोम म्हणतात तिकडे. आत बिछाने, गॅस, बेसिन, संडाससुद्धा. मी फोनवर घसा फोडून सांगत होते, अरे बाबा, तिकडेच विकून टाक, आपल्या बोळिंजच्या गल्लीत रिक्षा वळताना मारामार. पण ऐकेल तर शपथ.

"ताई, संपदा शेवटचं मनापासून हसली ती या गाडीत," एवढंच म्हणाला. मग मी काय बोलणार, कप्पाळ?

संपदा त्याची बायको. कॅन्सरने गेली, तिकडेच. ती धडधाकट होती तोवर सुट्टी लागली की ती, परेश आणि लेक निधी, तिघं या गाडीतून भटकायची. परेश चालवायचा, संपदा डावीकडच्या सीटवर, निधी मागे.

गाडी बंदरात कागदपत्रांच्या फेऱ्यात महिनोन्महिने पडून राहिली आणि शेवटी ट्रेलरवर बसून आमच्या वाडीत आली. तिला आत घ्यायला माझ्या केळींची अख्खी रांग तोडली. आमच्या वाडीला पाणी देणारं बावखल आहे, त्याच्या काठी आंब्याखाली ती उभी केली. नोंदणी होईपर्यंत रस्त्यावर काढायची नाही, आणि नोंदणी काही होता होईना.

हरिभाऊ गुरुजी नारळ आणि लिंबं घेऊन आले. चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा, की झाली वाहनपूजा. मी म्हटलं, "वाहन कसलं, गुरुजी? चूल आहे, अंथरूण आहे, मोरी आहे. हे घरच. रीतसर गृहप्रवेश करा, दूध उतू घालवून."

"गृहप्रवेशाला जोडपं लागतं, आशाताई."

"मग कमरेला सुपारी लावा की."

आमच्यात रीतच आहे. बायको नसेल तर पुरुष कमरेला सुपारी खोचतो आणि पूजेला बसतो. सुपारी म्हणजे त्याची बायको. सत्यनारायणाला, गणपतीला, सर्रास चालतं. गुरुजी मात्र घुटमळले. "शेजारी बसवणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं," म्हणाले. मी म्हटलं, "शास्त्र नंतर काढा, आधी दूध तापायला ठेवते."

परेशने संकल्प सोडला. धर्मपत्नीसह या घरात प्रवेश करतो, असं गुरुजींनी त्याच्याकडून म्हणून घेतलं.  दूध उतू गेलं, मी खूश. सगळं उरकल्यावर बघतो तर सुपारी गायब. बर्म्युडावर सोवळं गुंडाळलेलं, राहणार कुठे ती? गुरुजींनी गाद्या उचलून पाहिल्या. "सापडली की बोलवा," ते म्हणाले. "अक्षता टाकून तिची बोळवण करायची राहिलीय. बोलावलं परेशने, तर निरोपही त्यानेच द्यायचा. दुसऱ्या कोणाचं चालणार नाही." मी हो म्हटलं आणि विसरले.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते डावीकडच्या सीटचं. संपदा बुटकी, तिला सीट अगदी पुढे लागायची. मी झाडायला जायची तेव्हा सीट मागे सारून ठेवायची, संध्याकाळी बघावं तर पुढे. निधीला रागावले. ती म्हणाली, "मी नाही, आत्या. मम्मीचे पाय पुरत नाहीत."  पण पोर आई गमावलेलं, काहीही बोलतं, अशी मीच माझी समजूत घातली.

मग परेश घरात झोपेनासा झाला. तिथेच चहा, तिथेच जेवण. एकदा मी डबा घेऊन गेले तर पठ्ठ्या दाढीबिढी करून, परीटघडीचा शर्ट घालून बसलेला. आत उतू गेलेल्या दुधाचा वास, आणि गॅस तर पूजा झाल्यावर लगेच काढून टाकलेला. किती दिवसांनी त्याचा चेहरा हसरा दिसला. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या वासाबद्दल मी विचारलंच नाही.

नंतर निधीच्या वस्तू कमी व्हायला लागल्या. आधी रेनकोट, मग स्वेटर. वसईच्या उकाड्यात स्वेटर कोणाला हवाय? गाडीत जाऊन पाहिलं तर सगळं कपाटात घडी घालून ठेवलेलं. कपबशा पट्ट्यांनी बांधलेल्या, पाण्याची टाकी काठोकाठ. संपदा प्रवासाला निघायच्या आधी असंच आवरायची, हे परेशनेच मला कौतुकाने सांगितलं होतं.

"तू आवरलंस का रे हे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. अगदी शांतपणे.

"मग निधीचे कपडे घरी घेऊन चल."

त्याने कपाटाचं दार लावून घेतलं. त्या क्षणी मला खरी भीती वाटली. संपदा त्याला नेणार होती की नाही देव जाणे, पण लेकीला नेणार होती.

राहिलेली बोळवण आठवली आणि मी तडक गुरुजींकडे गेले, अक्षता मंतरून घेतल्या आणि दिवेलागणीला परत आले. निधी घरात नव्हती. तिचं कपाट उघडं आणि रिकामं. मी तशीच गाडीकडे धावले.

निधी मागच्या सीटवर बसली होती, बूट घालून, पट्टा लावून. परेश स्टिअरिंगपाशी. डावीकडची सीट पुढे ओढलेली, आणि तिच्यावर ती सुपारी. तिला ताजं हळदकुंकू लावलेलं होतं.

निधीचा पट्टा मी सोडायला गेले. बटण दाबलं, ओढलं, नखं तुटली, पण तो सुटेना. "आत्या, दुखतंय," ती म्हणाली. मी परेशच्या मुठीत अक्षता कोंबल्या.

"टाक त्या सुपारीवर. बोळवण कर तिची. तुझं लेकरू आहे रे हे."

त्याने मूठ मिटली. डावीकडे वळला. मग घरात बायकोशी बोलावं तसं म्हणाला, "संपदा, निधी इथेच राहू दे. शाळेत आत्ता कुठे रमलीय ती. ताई आहे."

काहीच झालं नाही. दुधाचा वास तेवढा वाढला.

"अरे, टाक," मी म्हटलं.

"एकदा पाठवलंय तिला, ताई. स्वतःच्या हाताने अग्नी देऊन. पुन्हा नाही जमणार." त्याने अक्षता माझ्या तळहातावर परत ठेवल्या आणि स्वतःचा पट्टा ओढून लावला. खट्ट आवाज झाला. त्याचबरोबर मागे निधीचा पट्टा आपोआप सुटला.

मी तिला कवटाळून खाली उडी मारली. दार लागलं. एका हातात पोर, दुसऱ्या हातात अक्षता, आणि त्या मी टाकून काही उपयोग नव्हता. आत इंजिन सुरू झालं. बॅटरी चार्जिंगला काढलेली होती, माझ्या ओटीवर पडलेली होती, आणि इंजिन सुरू झालं. गाडी जागची हलली नाही. थोडा वेळ घरघरली आणि बंद पडली.

शेजारच्या ॲन्सेल्मने पहारीने दार उचकटलं. परेश पट्टा लावून बसला होता, मान डावीकडे वळवलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याच्या चेहऱ्यावर काही त्रास दिसत नव्हता.

तेरावं झाल्यावर पै-पाहुणे आपापल्या घरी गेले. मी आणि निधी दोघीच जेवायला बसलो. तिने वरणभात कालवला आणि थांबली.

"आत्या, पप्पा पोचले असतील?"

"पोचले असतील, बाई. तू जेव."

ती जेवायला लागली. माझा भाऊ आता मला ताई म्हणून हाक मारणार नाही, हे तिच्या ताटात भात वाढताना मला कळलं आणि तिच्यासमोरच मी ढसाढसा रडले.