पुरे म्हणेपर्यंत

सुकन्या अकलूजची. लग्न करून कुंभारीला आली तेव्हापासून सासऱ्यांनी, सिद्धप्पांनी, तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या लेखी ती नुसती महेश्वरची बायको. आपल्या कानडी घरात पोरानं कानडीचा गंध नसलेली मराठी मुलगी आणली, हा राग त्यांनी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

मग अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि लुळ्या हातात आग तेवढी शिल्लक राहिली. ज्या हातानं जन्मभर शेंगाचटणी कुटून विकली, त्याला आता चादर लागलेलीही सोसेना.

फिजिओबाईंनी दंडाला गुंडाळायचा पट्टा दिला. आत चिकटणाऱ्या चकत्या, बाहेर बटण. बारीक करंट जातो, दुखणं दबतं. "हळूहळू वाढवायचा, पेशंट पुरे म्हणेपर्यंत," बाई म्हणाल्या. ज्याची वाचाच गेली तो पुरे म्हणणार कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

महेश्वर दिवसभर कामावर, म्हणून पट्टा सुकन्याच बांधायची. एका दुपारी ती बटण फिरवत असताना अप्पांचे ओठ हलले. "सा...कु."

सुकू! माहेरी तिला सुकूच म्हणतात. आईचा फोन स्पीकरवर असतो, त्यांनी ऐकलं असणार. तिचे डोळे भरून आले.

"व्हय अप्पा, हितंच हाय मी," ती म्हणाली आणि मायेनं करंट अजून थोडा वाढवला.

मग रोजच पट्टा चढला की हाक यायची. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तिला वाटायचं, राग विरघळतोय. अप्पा 'सुकू' म्हणतात, हे रात्री तिच्या तोंडून ऐकून महेश्वरही हरखला.

अक्कलकोटहून अप्पांची बहीण नागम्मा भेटायला आली. सुकन्यानं कौतुकानं तिच्यासमोरच पट्टा बांधला. "बघा आत्या, मला कशी हाक मारत्यात."

"साकु," अप्पा म्हणाले. "साकु, साकु."

नागम्मानं चहा खाली ठेवला. "काढ ते आदी."

"का वो?"

"तुला हाक न्हाय मारत त्यो. कानडीत साकु म्हंजे पुरे."

सुकन्यानं पट्टा ओढून काढला. खाली कातडी लालभडक झाली होती. इतके दिवस तो माणूस पुरे, पुरे म्हणत होता, आणि ती लाडानं वाढवत होती. तिला स्वतःची किळस आली.

पट्टा कपाटात गेला. कातडी बरी झाली. आतली आग होती तशीच राहिली.

एका दुपारी ती अप्पांना पेज भरवायला बसली, हाताला धक्का लागणार नाही अशी, जरा लांब. त्यांनी पहिल्याच घासाला ओठ मिटले आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "साकु."

वाटी भरलेली होती. पट्टा कपाटात होता. आता जगणंच पुरे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिनं वाटी खाली ठेवली आणि जवळ सरकली. मग पूर्वीसारखंच म्हणाली, "व्हय अप्पा. हितंच हाय मी."